मुजुमदार डॉक्टर, तीसची पॉवर

मंगळवारी दुपारी डॉक्टर मुजुमदार खुर्चीत बसल्या बसल्या विरघळले. आधी चष्मा पातळ झाला, मग हात, मग ते सगळेच खुर्चीच्या कडेवरून ठिबकू लागले. कुमुदताईंनी झटकन खाली बाटली धरली. एकोणीस वर्षं त्या या होमिओपॅथीच्या दवाखान्यात साखरेच्या बारीक गोळ्यांवर औषध सोडत होत्या. काही सांडू द्यायचं नाही, हे हातातच बसलं होतं. डॉक्टर अर्धी बाटली भरले.

"बूच घट्ट लावू नका हं, कुमुदताई," बाटलीतून डॉक्टर म्हणाले.

"आधी 'माझं चुकलं' म्हणा."

"कशाबद्दल?"

कशाबद्दल! कुमुदताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. श्रावणात त्यांची शैला तीन दिवस तापानं फणफणली होती. सहा वर्षांची पोर. सिव्हिलमध्ये नेते म्हटलं, तर या माणसानं खाटेशी बसून त्यांना जर्मन डॉक्टरची गोष्ट सांगितली. तो म्हणे धडधाकट असताना हिवतापावर देतात ती सिंकोनाची साल खाऊन बसला, त्याला हिवतापासारखी थंडी भरली, आणि त्याला उमगलं की जे दुखणं आणतं तेच ते बरं करतं. "ताप वाढलाय ना? म्हणजे औषध लागू पडतंय. थोडं थांबा." त्या थांबल्या. चौथ्या दिवशी पोर गेली.

"औषध लागूच पडत होतं," बाटली म्हणाली.

आता या माणसाचा कणही ठेवायचा नाही, असं कुमुदताईंनी ठरवलं. नुसता मोरीत ओतून भागणार नव्हतं; राग निवेपर्यंत विरवायचा होता. विरवायची एकच रीत त्यांना येत होती. त्यांनी डॉक्टरांचा एक थेंब नव्याण्णव थेंब स्पिरिटमध्ये सोडला, बाटली कातडी बांधणीच्या जाड ग्रंथावर दहादा आपटली आणि उरलेले डॉक्टर मोरीत ओतले. मग या नव्या बाटलीतला एक थेंब, पुन्हा नव्याण्णव, पुन्हा दहा आपट्या. प्रत्येक आपटीला त्या दातओठ खाऊन शैलाचं नाव घेत होत्या. फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

सहाव्या बाटलीत डॉक्टरांचा जुना खोकला गेला. बारावी त्यांनी उजेडात धरली. नितळ होती. "गेला मेला," त्या म्हणाल्या, पण राग कुठं गेला होता? हात थांबेना. त्या तीसपर्यंत गेल्या.

इथंच घात झाला. औषध जितकं विरळ तितकी त्याची पॉवर जास्त, हे येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच समजावून सांगायच्या. सुडाच्या भरात नेमकं तेच विसरल्या.

"जीभ दाखवा," कपाटातल्या चारशे बाटल्या एकदम म्हणाल्या.

नळ सोडला, तर पाणी विचारू लागलं, "तहान कितपत लागते?" बाकावर नंबर लावून बसलेल्या पेन्शनरांनी मान वर केली, ती डॉक्टरांची होती.

तेवढ्यात एक बाई पोरीला कडेवर घेऊन धावत आत आली. "डॉक्टर हायेत का? पोरगी डोळं उघडंना वो!"

"सिव्हिलमध्ये न्या! इथं थांबू नका, पळा!" कुमुदताई ओरडल्या.

बाई पळाली. कुमुदताई तिच्यामागे पळाल्या. शिंप्याच्या दुकानातून डॉक्टर उतरले. पिठाच्या गिरणीतून पांढरेफटक डॉक्टर आले. टांग्यातून तिघे उतरले, आणि घोड्यानं मायेनं विचारलं, "ताप कधीपासून आहे?"

"'माझं चुकलं' म्हणा!" कुमुदताई किंचाळल्या. "एकानं तरी म्हणा!"

गल्ली दोन्ही टोकांनी भरली. बाई मधोमध उभी राहिली, पोरीला छातीशी घट्ट धरून. सगळ्यांनी नाडी बघायला हात पुढे केले. कुमुदताई गर्दीत घुसल्या आणि पोरीला ओढून घ्यायला त्यांनी जिवाच्या आकांतानं हात लांबवला. त्या एवढ्याशा मनगटापर्यंत सगळ्यांत आधी त्यांचाच हात पोहोचला. त्या हाताला डॉक्टरांच्या सदऱ्याची बाही होती.