पेडलवरचा पाय

डाव्या हाताखाली एक कीबोर्ड, उजव्या हाताखाली दुसरा. मग आवाज फिरवायचा कशानं? पायानं. पेडलवर टाच टेकवली की सूर बंद दाराआडून आल्यासारखा दबतो, चवडा हळूहळू खाली नेला की तोच सूर खुलत जातो. गाण्यागणिक पेडलला वेगळं काम नेमते मी: कुठे आवाजाची पातळी, कुठे सुराची धार कमी-जास्त करणारा फिल्टर, कुठे नुसती थरथर. सतरा वर्षं माझा उजवा पाय हातांपेक्षा शहाणा होता.

गेले चाळीस दिवस तो मला कळतच नाहीये.

आधी अंगठा बधिर झाला. मुंग्या आल्या असतील, जातील म्हटलं. मग सगळा तळवाच गेला. बाबांचं असंच अंगठ्यापासून सुरू झालं होतं. पुढची नऊ वर्षं दादानं त्यांना उचलून न्हाणीघरात नेलं, आणलं. बाबा गेल्यावर कुठे तो पुन्हा गायला लागला. आता त्याला हे कसं सांगायचं? डॉक्टरांपेक्षा मला दादाची भीती वाटत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसले.

शिवाय एक युक्ती सापडली होती. पेडल हललं की कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर आकडा फिरतो, शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत. पाय कळला नाही तरी आकडा दिसतो. त्याच्याकडे बघत मांडीनं पाय रेटायचा.

"हल्ली मान खाली घालून वाजवतेस, नव्या नवरीसारखी," दादा चिडवायचा. मी हसायचे आणि पुन्हा आकड्याकडे बघायचे.

आज सकाळी, संध्याकाळच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. दादानं लांब सूर लावला. त्याच्यामागे माझा आवाज चढायला हवा होता. आकडा एकतीसवर अडला. मी रेटलं. एकतीस. आणखी रेटलं. एकतीसच.

"थांब, वायर गेलीये!" मी ओरडले. खरं सांगते, वायर गेली असावी म्हणून देवाला हात जोडले मी.

"नाचता येईना अंगण वाकडं," म्हणत दादा स्टँडखाली शिरला. "वायर घट्ट आहे. चवडा दाब बरं."

"दाबलाय."

"पुन्हा दाब."

"अरे, पूर्ण दाबलाय! चालू करताना कुणी पेडलवर पाय ठेवला असेल. मग आकडा अडकतो त्याचा. बंद करून परत लावू या का?"

मी बोलतच सुटले होते.

"दादा, बघतोयस ना?"

"चिमणे, पाय पेडलवर नाहीये. बाजूला फरशीवर आहे. मी मघापासून धरून बसलोय."

मी पट्ट्यांवरून हात उचलले. "माहितीये मला," मी म्हटलं.

"मग सांग, कोणतं बोट दाबतोय?"

"अंगठा."

"कुठलंच नाही," तो म्हणाला.

तो बाहेर आला, पण उठला नाही. गुडघ्यांवरच बसून त्यानं विचारलं, "किती दिवस झाले?"

"चाळीस. दादा, तुला पुन्हा तेच सगळं नको म्हणून..."

"चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"आणि संध्याकाळचं गाणं?"

"गेलं खड्ड्यात." माझी चप्पल त्यानंच हातात घेतली होती. "बाबांनीही लपवलं होतं. मला त्रास नको म्हणून. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणलं असतं तर चालले असते."