झोपेआधीचा आकडा

शेंदूरजनाघाटच्या आसपास संत्र्याचा बगीचा विकायचा तर दोन गोष्टी लागतात: एक घेणारा व्यापारी आणि दुसरी पुंजाजींची झोप. बगीचा झाडावरच विकला जातो. फळ न् फळ मोजत बसायला कुणाला सवड नसते, म्हणून दोन्ही बाजूंना पटेल असा जाणता माणूस बोलावतात. तो बगीचा फिरतो, फळांचा आकडा सांगतो आणि त्या आकड्यावर व्यवहार होतो. गेली चाळीस वर्षं हा जाणता माणूस म्हणजे पुंजाजी. सकाळी बगीच्यात शिरायचं, ओळीओळीतून चालायचं, कागदाला हात लावायचा नाही, तोंडातून अक्षर काढायचं नाही. मग भाकर खायची, झाडाखाली दुपट्टा अंथरायचा आणि तासभर डाराडूर झोपायचं. उठून तोंडावर पाणी मारलं की आकडा सांगायचा. पुंजाजींच्या तोंडून निघाला तोच आकडा, असा तिकडचा रिवाजच पडून गेला होता. त्यांनी तो कधी बदलला नाही आणि तोडणीच्या वेळची मोजणीही त्याच्यापासून फार दूर कधी गेली नाही. लोक थट्टेनं म्हणायचे की या माणसाला झोपायची मजुरी मिळते. पुंजाजी ते हसण्यावारी न्यायचे.

आचल ही त्यांच्या मुलीची मुलगी. अमरावतीला मानसशास्त्रात एमए करत होती. आजोबांच्या झोपेची थट्टा तिनं लहानपणापासून ऐकली होती आणि कॉलेजात जाईपर्यंत ती स्वतःही करत होती. मग एके दिवशी वर्गात अनुपमा मॅडमनी उंदरांचा प्रयोग सांगितला. उंदीर खाण्याच्या शोधात वाटा तुडवतो, तेव्हा त्याच्या मेंदूतल्या ठरावीक पेशी ठरावीक क्रमानं जाग्या होतात. नंतर तो झोपला की त्याच पेशी त्याच क्रमानं पुन्हा जाग्या होतात, पण कितीतरी भराभर. झोपेत तो तीच वाट पुन्हा चालत असतो म्हणा ना. माणसाच्या मेंदूतही असंच काहीसं घडत असावं, याला बराच आधार आहे. आचलला एकदम दुपट्ट्यावर झोपलेले आजोबा, तिचे आबाजी, दिसले, आणि इतकी वर्षं आपण हसलो याची तिला लाज वाटली.

तिनं प्रकल्पासाठी हाच विषय मागितला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"गोष्ट छान आहे," त्या म्हणाल्या, "पण अजून गोष्टच आहे. झोपेनंतरचा आकडा बरोबर येतो, मान्य. झोपेआधी तो किती होता? तेव्हाही तेवढाच असेल तर झोपेनं काय केलं?"

मॅडमनी फळ्यावर एक तक्ता काढला. पहिला रकाना झोपेआधीचा, दुसरा झोपेनंतरचा, तिसरा प्रत्यक्ष मोजणीचा. "पहिला रकाना भरल्याशिवाय माझ्याकडे येऊ नकोस," असं म्हणून त्यांनी कपाळाला बांधायचा झोप मोजणारा पट्टा तिच्या हवाली केला.

दिवाळीला पंधरा दिवस होते. मनकर्णाबाईंच्या बगीच्याचा दिवस ठरला होता. नवऱ्याच्या मागे तीनशे झाडं या बाईनं एकटीनं जपली होती आणि वर्षाचा सगळा डोलारा या एका बहारावर उभा होता. आचल आजोबांच्या मागोमाग ओळीओळीतून फिरली. पुंजाजी वर बघत, मध्येच थांबत, एखाद्या झाडाला उगाच हात लावत पुढे जात. शेवटी नाल्याकडच्या कोपऱ्यात आले. तिथली झाडं कोळशी रोगानं काळवंडली होती आणि खाली फळांचा सडा पडला होता. पुंजाजी तिथे बराच वेळ उभे राहिले.

भाकर खाऊन झाल्यावर आचलनं त्यांच्या कपाळाला पट्टा बांधला.

"काहून वो, मले नवरदेव बनवून राहिली का?"

"आबाजी, आणखीन एक काम होतं. झोपायच्या आधी सांगा ना, किती फळं वाटते तुम्हाले?"

पुंजाजींनी नातीकडे पाहिलं. मनकर्णाबाई विहिरीवर होत्या, दुसरं कुणी जवळपास नव्हतं. ते काही बोलणार नाहीत असंच आचलला वाटलं होतं.

"आता वाटते एक लाख चाळीस हजार," ते हळूच म्हणाले. "पण हे कच्चं हाय. कोनाले सांगू नको."

आचलनं पहिल्या रकान्यात आकडा लिहिला. पाच मिनिटांत आबाजी घोरायला लागले आणि मोबाइलच्या पडद्यावर त्यांच्या झोपेची रेघ नागमोडी चालू लागली. तिच्या आनंदाला पारावार उरला नाही.

त्या आनंदातच घोळ झाला. व्यापारी पंजाबराव वेळेच्या आधीच येऊन ठेपले. चांगला बोलका माणूस. बाजेवर टेकले आणि म्हातारबुवांच्या कपाळावर काय बांधलंय ते विचारू लागले. आपला विषय कुणीतरी आपणहून विचारतंय म्हटल्यावर कुठल्या विद्यार्थ्याची जीभ थांबते? आचलनं उंदीर सांगितला, वाटा सांगितल्या, भराभर धावणाऱ्या पेशी सांगितल्या. शेवटी पाहिलेलं मनात सगळ्यात वर राहतं, झोपेत वरचं-खालचं सगळं सारखं होत असेल, असा स्वतःचा तर्कही सांगितला. पंजाबराव खरोखर रंगून ऐकत होते. शेवटी तिनं तक्ता उघडून त्यांच्यापुढे धरला.

"हा पयला आकडा त्याइनंच सांगतला?" पंजाबरावांनी विचारलं.

"हो. झोपायच्या आधी."

"सोताच्या तोंडानं?"

"हो," आचल म्हणाली. म्हणता म्हणताच तिला आबाजींचं 'कोनाले सांगू नको' आठवलं आणि तिनं वही मिटून घेतली.

पुंजाजी उठले. तोंडावर पाणी मारलं, दुपट्ट्यानं पुसलं. मनकर्णाबाई पदर सावरत पुढे आल्या.

"एक लाख पासष्ट हजार," पुंजाजी म्हणाले.

"ते नाई चालणार काका," पंजाबराव शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही की चेहरा बदलला नाही. "तुमच्या तोंडून निघाला तो आकडा, असाच रिवाज हाय ना? तो एक चाळीस निघाला. पोरीच्या वहीत लिवेल हाय."

मनकर्णाबाईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या पुंजाजींकडे न बघता आचलकडे बघू लागल्या. पंचवीस हजार संत्री म्हणजे काय, हे त्या बाईच्या तोंडावर आचलला वाचता आलं. तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. तो आकडा व्यवहाराचा नव्हता."

"बाई, तुमचं शिक्षण मले समजलं," पंजाबराव म्हणाले. "पण या माणसानं चाळीस वर्सांत आकडा बदलला नाई. म्हणून तर आमी डोये मिटून पैसे मोजतो. आज बदलला तर मंग कोनता खरा धरू?"

पुंजाजींना सुटायचं असतं तर वाट सरळ होती. पोर चुकीचं लिहून बसली, मी असं म्हटलंच नाही, एवढंच म्हणायचं होतं. पंजाबरावांनी नातीच्या वहीपेक्षा त्यांचाच शब्द मानला असता. आचल मनोमन तेच मागत होती, खोटी ठरायला ती एका पायावर तयार होती. पुंजाजींनी कपाळाचा पट्टा सोडला, नीट गुंडाळला आणि तिच्या हातात दिला.

"पोरीनं बराबर लिवलं," ते म्हणाले. "एक चाळीस मीच बोललो. आन पंजाबराव, आकडा मी आज पयल्यांदा नाई बदलला. चाळीस वर्सं रोज बदलतो. झाडाखाली झोपतो तो त्याच्यासाठीच. बगीच्यातून निंगतो तवा डोक्यात जो आकडा असते तो लबाड असते, शेवटच्या चार झाडाइनं डोये भरेल असतात. उठलो का तो आपोआप सुदरते. कसा ते मले मालूम नाई. तुमी फक्त सुदरेल आकडाच आइकला आजपर्यंत."

आचलला रडू आवरेना. चाळीस वर्षं ज्या माणसाला लोक अचूक समजत आले, तो सगळ्यांसमोर आपण रोज चुकतो असं सांगत होता, आणि तेही तिच्यापायी.

पंजाबरावांनी बगीच्यावरून एकदा नजर फिरवली. माणूस लबाड नव्हता, पण व्यापारी होता.

"एक पासष्ट धरतो," ते अखेर म्हणाले. "यंदा. पुढल्या सालापासून मी माहा माणूस आणीन, तो पाच-दहा झाडं मोजून हिशोब काढीन. राग मानू नका काका. आता मनात आलं ते आलं."

"राग कशाचा," पुंजाजी म्हणाले. "आणा."

मनकर्णाबाईंनी पुंजाजींना वाकून नमस्कार केला, तेव्हा पुंजाजींनाच अवघडल्यासारखं झालं. महिन्याभरानं तोडणी झाली आणि मोजणी एक लाख त्रेसष्ट हजारांवर थांबली. आचलचा तिसरा रकानाही भरला. पण तोवर पंजाबरावांचं बघून बाकीच्या व्यापाऱ्यांनीही आपापली माणसं ठरवली होती, आणि पुंजाजींना बोलावणं यायचं बंद झालं होतं.

ते सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी दोघं एसटी थांब्याकडे पायी निघाले. रस्ताभर आचल मुसमुसत होती. तिला आजोबांवर थोडा रागही आला होता.

"तुम्ही मला नाही म्हणायचं ना, आबाजी. आजपर्यंत कुणाला सांगितला नाही, मग मलाच काहून सांगितला?"

पुंजाजींनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"आजपर्यंत सगये लोकं मले इचारतात, फळं किती हायेत," ते म्हणाले. "तुमाले काय वाटते, असं कोनी इचारलंच नव्हतं वो. तू इचारलं. बरं वाटलं मले."

ते समाधानानं हसले. तो प्रश्न मॅडमच्या पहिल्या रकान्यासाठी होता, हे आचलला त्यांना सांगता आलं नाही.