गाठीच्या पोटातला वाढदिवस

मित्रांनो, मी एक जुना बेलर, म्हणजे चाऱ्याच्या गाठी बांधणारं मशीन आहे, आणि मला शिसारी आली आहे. आपली हकिगत सांगताना आधी जन्म सांगावा, मग थोरवी सांगावी, ही रीत मला ठाऊक आहे. पण माझ्या दातांत अजून एक प्लॅस्टिकचा पेला अडकलेला आहे. तोंडात घाण असताना गोड बोलणं मला जमत नाही.

तरी रीत मोडत नाही. माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. परळी तालुक्यात, सिरसाळ्याच्या अलीकडे विजयसिंह नावाचे बडे बागायतदार आहेत. त्यांच्या शेतावर मी ट्रेलरवरून उतरलो, त्याला आता सात वर्षं झाली. तेव्हा माझा रंग कुंकवासारखा लाल होता. पहिल्या दसऱ्याला माझ्यापुढे नारळ फुटला आणि गळ्यात झेंडूची माळ पडली. शेजारच्या गावची माणसं मला बघायला आली आणि "एकटं मशीन धा माणसांचं काम करतंय की!" म्हणून तोंडात बोटं घालून उभी राहिली. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

माझं काम समजायला सोपं आहे. सोयाबीन निघालं की भुसकटाच्या लांबच लांब ओळी रानात पडून राहतात. ट्रॅक्टर मला त्या ओळीवरून ओढत नेतो. माझ्या तोंडाशी एक फिरता रूळ आहे, त्याला तारेचे वाकडे दाते आहेत. ते भुसकट खालून उचलतात. मग दोन लोखंडी हात ते आत ढकलतात, आणि आत एक जाडजूड ठोकळा पुढेमागे होऊन त्यावर दणादण दणके घालतो. दाबून दाबून चौकोन झाला की सुई सुतळी आणते, गाठ मारली जाते आणि मागून एक घट्ट पेंडका बाहेर पडतो. त्यालाच लोक गाठ म्हणतात.

आता नीट ऐका. हे दाते निवडत नाहीत. काडी आली तर काडी, खडा आला तर खडा. तुमच्या तोंडात केस आला तर तुम्ही थू करता. मला थुंकता येत नाही.

म्हणून माझ्यापुढे एक माणूस चालायचं. भिवराबाई तिचं नाव. साठी ओलांडलेली, पाठीत थोडी वाकलेली. डोक्यावरची पाटी काखेत घेऊन ती ओळीच्या कडेकडेनं चालायची आणि भुसकटात हात घालून दगड, तारेचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या वेचायची. खळ्यावर रास करायच्या आधी तिची आई खडे वेचायची, तसंच ती ओळ वेचायची. पोरं हसायची, "म्हातारे, मशीनला घास भरवतीस का?" त्यावर ती म्हणायची, "मशीनला न्हाई बाबा, जनावराला. खानारं तोंड निराळंच हाय." ट्रॅक्टर चालवणारा सटवा तिच्या चालीनं गाडी हळू ठेवायचा आणि माझे दाते जमिनीपासून दोन बोटं वर ठेवायचा. त्या वर्षांत माझ्या गाठीतून नुसत्या भुसकटाचा वास यायचा.

मग मालकांचा यंदाचा वाढदिवस आला.

विजयसिंहांना यंदा निवडणुकीचे वेध लागले होते. सोयाबीन काढलेल्या सात एकरांत मांडव पडला. चारी बाजूंनी त्यांचे हात जोडलेले फ्लेक्स तारेनं बांबूंना बांधले. पाहुणे भुसकटाच्या ओळींवर बसून जेवले, आणि जेवून उठताना जे हातात होतं ते तिथंच सोडून गेले. दुसऱ्या दिवशी त्या रानात मला उभं केलं तेव्हा मी जे पाहिलं ते सांगतानाही माझ्या साखळ्यांना काटा येतो. रश्शात भिजलेल्या पत्रावळ्या, चघळून टाकलेली हाडं, दारूचा वास मारणारे पेले, केकच्या गुलाबी लोण्यावर चिकटलेल्या मुंग्या, पिचकाऱ्यांनी लाल झालेलं भुसकट. वारा सुटून दोन फ्लेक्स फाटले होते आणि तारेसकट ओळीत लोळत होते. गावभरच्या शेणाचा उकिरडा याहून बरा. त्यात निदान शेण असतं!

सटवानं गाडी बंद केली. "मालक, भिवरामावशीला बोलवू द्या की. लई घान हाय ह्या रानात."

"कावून?" विजयसिंह फोनवरून नजर न काढता म्हणाले. "उद्या चारावाटप हाय. फोटोवाले येणार हायत. येचत बसलास तर दोन दिवस जातील."

"पर जनावरं खात्यात हे, मालक."

"गाठीच्या आतलं कुनाला दिसतंय बे? दाते पार खाली टाक, एक काडी राहता कामा न्हाई. चल."

सटवानं दाते जमिनीला टेकवले आणि गिअर टाकला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी खाल्ला. पत्रावळी गिळली, हाड गिळलं, फ्लेक्स गिळला. माझ्याच ठोकळ्यानं ते सगळं भुसकटात ठासलं आणि माझ्याच सुईनं वर सुतळी आवळली. मागून मात्र गाठी कशा पडत होत्या? एकसारख्या, चौकोनी, कडा धरून. वरून कीर्तन, आतून तमाशा. मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी त्या गाठी वाटल्या गेल्या. ज्या घरची माणसं ऊसतोडीला गेली आणि मागे जनावरं राहिली, त्यांना प्रत्येकी चार. भिवराबाईचा मुलगा पंडित आणि सून सुरेखा दिवाळी होताच कारखान्यावर गेले होते. मागे राहिली ती आणि तिची गाय हरणी. हरणी पहिल्या वेताची, संक्रांतीच्या सुमारास विणार होती. जाताना पंडित आईला म्हणाला होता, "आई, भाकर कमी खा, पर हिला जप."

मला ज्या बाभळीखाली उभं करतात, तिथून भिवराबाईचा गोठा सरळ दिसतो. सुतळी कापली की गाठीच्या वड्या सुटतात. म्हातारीनं एक वडी उचलली, तिच्यावरून हात फिरवला आणि उलगडून न बघताच गव्हाणीत ठेवली. का बघेल? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण तिचं कारण ते नव्हतं. ती हरणीला म्हणाली, "खा माय, आपल्याच मशीनची हाय." सात वर्षं तिनं स्वतः ओळ वेचली होती. तिचा माझ्यावर भरवसा होता. मित्रांनो, त्या वाक्यानं मी जितका मेलो तितका गंजानंही मेलो नाही.

तीन आठवड्यांत हरणीनं रवंथ सोडला. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. ती पुढचे पाय फाकवून उभी राही आणि कण्हत असे. भिवराबाई रात्रंदिवस तिच्या पोटाला तेल चोळत बसली. अखेर जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कूस चिरली आणि कोपरापर्यंत हात घालून एक एक वस्तू बाहेर काढली. हरणी वाचली. पोटातलं वासरू मात्र दोन दिवसांनी मेलेलं पडलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी शेजारच्या रानात कामाला जुंपलो होतो. बांधावर विजयसिंह उभे होते. भिवराबाई आली. तिच्या काखेत तीच पाटी होती. पाटी तिनं त्यांच्या पायाशी ठेवली. आत पेल्यांचे चोथे होते, गंजलेल्या तारेचा आकडा होता आणि फ्लेक्सचा एक चुरगळलेला तुकडा. त्यावर जोडलेले दोन हात स्पष्ट दिसत होते.

"मालक," ती म्हणाली, "तुमचं सामान ऱ्हायलं व्हतं. माघारी द्याया आले."

विजयसिंहांनी तोंड फिरवून नाकाला रुमाल लावला. "मशीननं उचललं असंल ते," ते म्हणाले. "त्याला मी काय करू?"

सटवा ट्रॅक्टरवरून खाली उतरला. "मशीनला डोळे न्हाईत, मालक," तो म्हणाला. "मला व्हते." त्यानं माझे दाते दोन बोटं वर घेतले. "आता ओळ येचल्याबिगर मी गिअर टाकनार न्हाई. दुसरा डायव्हर बघायचा तर बघा."

खरं सांगायचं तर मलाही दिसत होतं. मला फक्त थांबता येत नव्हतं. थांबता येत होतं ते माणसांना.

मित्रांनो, तुम्ही रानात जे टाकाल ते मी उचलीन, दाबीन, वर सुतळीची गाठ मारीन आणि कुणाच्या तरी गव्हाणीत पोचवीन. माझा तोच धर्म आहे. तेव्हा हातातली पुडी, पेला, पिशवी टाकण्याआधी एवढं आठवा की माझ्या मागे एक भुकेलं जनावर उभं असतं, आणि त्याला थू करता येत नाही.

आत्ता सटवा पाना घेऊन माझ्यापुढे उकिडवा बसला आहे. दातांतला तो पेला त्यानं ओढून काढला, आणि सवयीनं त्याचा हात बांधाकडे फेकायला वर गेला. भिवराबाईनं पाटी पुढे केली.