फ्रीजची चप्पल

आमच्या घरात सगळ्यांच्या चपला दाराबाहेर असतात, एक जोडी सोडून. ती निळी रबरी जोडी स्वयंपाकघरात फ्रीजसमोर असते. फ्रीज उघडायचा तर आधी ती पायात घालायची, नाहीतर हँडल करंट मारतं.

ही अक्कल माझीच. भाईंदरच्या या घरात आलो तेव्हा फ्रीजच्या प्लगला तीन पिना आणि बोर्डाला दोनच भोकं. मी पक्कड घेतली आणि वरची जाड पिन कापून टाकली. त्यासाठी इलेक्ट्रिशियन कशाला? आपला हात जगन्नाथ! पुढे काही महिन्यांनी बायको म्हणाली, "अहो, फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतायत." मी केबिन रोडवरून चप्पल आणून दिली. वर चेष्टाही केली, "कांता, तुझ्यातच एवढा करंट, फ्रीज बिचारा काय करणार!" सहा वर्षं ही गंमत सांगून मी पाहुण्यांना हसवलं.

परवा आमची तेजश्री माहेरी आली, अडीच वर्षांच्या निकेतला घेऊन. कांताने नुकतीच लादी पुसली होती. निकेतला फ्रीजमधला आंबा हवा होता. तो अनवाणीच आत धावला.

कांताची किंचाळी ऐकून मी पोहोचलो, तर नातू ओल्या लादीवर उताणा पडलेला. डोळे उघडे, पण आवाज नाही. कांताने त्याला उचलून छातीशी धरलं, तेव्हा कुठे त्याने भोकाड पसरलं. रडणं इतकं गोड लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेजश्री त्याला घेऊन डॉक्टरांकडे पळाली. मी तसाच जिना उतरलो आणि नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियन सूरजला, हातातलं काम सोडायला लावून, घेऊन आलो.

सूरजने प्लग हातात घेतला. "अंकल, ये पिन किसने काटी?"

मी बोर्डाच्या दोन भोकांकडे बोट दाखवलं.

"अर्थिंग की पिन है ये. बॉडी में करंट उतरा तो इससे जमीन में जाता है. ये नहीं, तो आदमी में से जाता है." मग त्याने फ्रीजमागची घासून सोललेली वायर दाखवली. "और चप्पल के भरोसे बैठे थे? किसी दिन गीली होती तो आंटी गई थी."

त्याने वायर बदलली, प्लग बदलला, अर्थिंगवाला नवा बोर्ड बसवला. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात तेजश्रीचा फोन आला, निकेत ठीक आहे. माझ्या जिवात जीव आला. मी अनवाणी उभा राहून हँडल धरलं. काही नाही. मोठ्या उत्साहाने कांताला हाक मारली, "ये, बघ! आता लाव हात बिनधास्त."

ती दारात उभी होती. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "त्याला एकदा लागला, तर तासाभरात माणूस आणलात. मला लागत होता, तेव्हा चप्पल आणली होती."

मग तिने सवयीने ती निळी चप्पल पायात सरकवली आणि निकेतसाठी आंबा काढला.