माझ्या काचेवरचा ठिपका

मित्रांनो, तुम्ही उद्याचे डॉक्टर, म्हणून हे तुमच्यापाशी बोलते. मी एक जुनी एक्स-रे बघायची पेटी आहे. छातीच्या आजारांच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत भिंतीवर टांगलेली. आत दोन नळ्यांचे दिवे, पुढे दुधी काच, वर फिल्म अडकवायला चिमटे. मला तोंड नाही. उजेड तेवढा आहे.

कारखान्यातून आले तेव्हा माझी काच दुधासारखी स्वच्छ होती. माझ्यासमोर काय काय नाही उघडं पडलं! न्यूमोनियाने पांढरी पडलेली फुप्फुसं, क्षयाने पाडलेली भोकं, घसा सुजल्यामुळे पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती झालेली लहानग्यांची श्वासनळी. महिनाभर खोकल्याचं औषध घेणाऱ्या एका छोकरीच्या नळीत तर पितळी बटण निघालं. फुप्फुसाच्या काळ्या जागेत पांढरं काय आहे, ते शोधायचं. सोपं वाटतं ना? सगळ्यांनाच वाटतं.

मला सांभाळायचे ते वॉर्डचे मामा. सकाळी आले की आधी माझ्याकडे. "चल गं बये, तोंड धुऊन घे," म्हणत ओलं फडकं फिरवायचे. एकदा कुणीतरी माझ्यावर चिकटपट्टी लावली. तिचा डिंक काही केल्या निघेना. मामांनी दाढीचं ब्लेड आणलं. डिंक निघाला, पण त्याबरोबर दुधी थरही वाटाण्याएवढा खरवडला गेला. तिथून उजेड जास्त येऊ लागला. छातीची फिल्म लावली की डाव्या फुप्फुसात, हासळीच्या हाडाखाली, हुबेहूब पांढरी गाठ दिसे.

मामा बिचारे ओशाळले. वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या सरांनी मात्र त्याचाच धडा केला. नवी तुकडी आली की विचारायचे, "ही गाठ कुणाची?"

"पेशंटची, सर!"

"सरकव फिल्म."

फिल्म सरके, ठिपका जागच्या जागी. "फिल्मबरोबर गेला तर पेशंटचा, मागे राहिला तर पेटीचा. सरकवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

तेव्हा माझा मान होता, मित्रांनो. माझा दोषसुद्धा कामाला येत होता.

वर्षं गेली. गर्दी वाढली, सरांचे केस पिकले. सरकवणं हळूहळू मागे पडलं आणि थट्टा तेवढी उरली. "पेटीलाच कॅन्सर झालाय," असं जुने विद्यार्थी नव्यांना सांगत आणि पुढची फिल्म लावत.

मग एका थंडीत मामांना ताप भरला. सोबत खोकला. त्यांची फिल्म माझ्यावर आली. उजवीकडे खाली न्यूमोनियाचा पांढरा ढग स्पष्ट होता. "सापडला चोर," सर म्हणाले. पण मला कळत होतं. माझ्या ठिपक्यासमोर रोज काळी फिल्म यायची. आज तिथे ती काळी नव्हतीच.

त्या तुकडीत एक विद्यार्थिनी होती. घरी दीड वर्षाचं लेकरू. ते झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालतोय ना ते बघणारी, कुलूप लावून तीनदा ओढणारी. सगळे तिला शंकाबाई म्हणत.

"सर, हा वरचा ठिपका?"

"अगं, तो आपल्या पेटीचा. वर्ष झालं ना तुला इथे?"

सगळे हसले. दारातून मामाही हसले, "माझ्या ब्लेडची करणी ती, बाई. मी विडीला कधी बोट लावलं नाही. मला कसली गाठ?"

तिचा हात चिमट्यापर्यंत गेला होता. तो खाली आला.

औषधाने ताप उतरला. दीड महिन्याने पुन्हा फिल्म काढायची होती. पण मामा खडखडीत दिसत होते, त्यामुळे ती राहून गेली.

आठ महिन्यांनी मामांचा आवाज बसला. सकाळी फडकं फिरवताना "बये" एवढं म्हणायलाही त्यांना दम लागे. नवी फिल्म आली. हासळीखाली लिंबाएवढी गाठ होती. माझा वाटाणा तिच्याखाली झाकून गेला.

शंकाबाईने कपाटातून जुनं पाकीट काढलं, आठ महिन्यांपूर्वीची फिल्म लावली आणि या वेळी कुणाला न विचारता ती चार बोटं सरकवली.

ठिपका बरोबर गेला. माझा मागे राहिला. काचेवर दोन ठिपके झाले.

मामा दारातच होते. घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "एक तर माझ्या ब्लेडचा. दुसरा कुणाचा हो, सर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

आता मला दुसरं कुणी पुसतं, घाईघाईत. माझे कोपरे धुळीने भरलेत. काच बदला म्हणणारे पुष्कळ आहेत. खुशाल बदला, पण नव्या काचेलाही ओरखडे पडतील आणि तुम्हाला त्यांचीही सवय होईल. भीती मला त्या सवयीचीच वाटते.

सकाळपासून टेबलावर एक बंद पाकीट पडलंय. आत कुणाची छाती आहे, मला ठाऊक नाही. मित्रांनो, दिवा लावाल तेव्हा मला आधी पुसा. कुणी हसलं तर हसू दे. चिमट्यापर्यंत नेलेला हात खाली आणू नका.