गाडी भूमची, पाटी कळंबची

नानासाहेबांनी खुर्ची आधी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, डुगडुगत नाही याची खात्री केली आणि मगच बूड टेकलं. जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला सीट तपासल्याशिवाय बसवत नाही. शेजारच्या खुर्चीत त्यांची लेक प्रतीक्षा होती. केस बारीक कापलेले, अंगात चौकडीचा शर्ट, नजर फरशीवर. आता ती म्हणत होती, मी प्रतीक्षा नाही, रणधीर आहे. टेबलापलीकडे श्रावस्ती मॅडम होत्या. धाराशिवच्या या दवाखान्यात त्या माणसांच्या मनाचं बघतात, एवढंच नानासाहेबांना ठाऊक होतं.

"इंजेक्शन-बिंजेक्शन कुठं ठिवता, मॅडम?" त्यांनी खोलीभर नजर फिरवत विचारलं.

"मी इंजेक्शन देत नाही, काका. मी विचारते आणि ऐकते."

"नुसतं ऐकता? मग आमचं येरमाळा अख्खं डॉक्टर हाय."

ही थाप नव्हती. येरमाळ्याला हायवेच्या कडेला, स्टँडला लागून बंडप्पाचं हॉटेल होतं, आणि तिथल्या बाकड्यावर नानासाहेबांना ऐकायला रोज मंडळी जमत. डिझेल संपलं तेव्हा नानासाहेबांची गाडी नुसत्या प्रवाशांच्या शिव्यांवर येडशीचा घाट चढून गेली होती. रामलिंगच्या रानातला एक बिबट्या त्यांच्या गाडीत चढला, खिडकीची जागा धरून बसला आणि अर्धं तिकीट काढून येरमाळ्याला उतरला, हे तर पोराटोरांनाही पाठ होतं.

पण आज सांगायला काही नव्हतं, विचारायचं होतं. धाराशिवला एका लॅबमध्ये नोकरी करणारं हे पोर गेल्या चौदा एप्रिलच्या जयंतीला घरी आलं नव्हतं, त्याच्या आधीच्याही नाही. त्याच्या आईनं, मथुराबाईंनी, फोनवर सांगून टाकलं होतं, "पांढरा ड्रेस घालून, ओढणी घिऊन ये. शर्टात येणार असशील तर येऊच नको." जयंती पुन्हा तोंडावर आली होती.

"हे येतं कुठनं, मॅडम? म्या मुक्कामाच्या गाड्या लई केल्या, घरी नसायचो. त्यानं?"

"नाही."

"लहानपणी मांडीवर घिऊन स्टिअरिंग धरू द्यायचो. त्यानं?"

"त्यानंही नाही. कुणाच्या चुकीनं होत नाही हे. असं असणं हा आजारही नाही. आतून वाटतं ते एक, शरीर दाखवतं ते दुसरं, आणि जग दिवसभर त्या दुसऱ्याच नावानं हाका मारत राहतं. त्यात जीव घुसमटतो. आमचं काम त्या घुसमटीवर."

नानासाहेबांचा डावा हात खुर्चीखाली गेला आणि नसलेला गिअर त्यानं एक घर खाली ओढला. चढ लागला की हात अजून असा आपोआप जाई.

"म्हंजे गाडी भूमची आन पाटी लावलीय कळंबची," ते सावकाश म्हणाले. "लोक चढतात, भांडतात, डायवरला शिव्या घालतात. गाडी आपली भूमच्याच रस्त्यानं."

"जवळपास तसंच. फक्त गाडीला रडू येत नाही, काका."

नानासाहेबांनी शेजारी पाहिलं. नजर फरशीवरच होती, पण पापण्या भराभर मिटत होत्या.

"झोप लागत न्हाय व्हय रे तुला?"

'रे' तोंडात कसा आला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. रणधीरनं मान वर केली.

"घरी जायचा विषय निघाला की नाही लागत, पप्पा. आईचं एक वेळ चालेल. मला आपल्या स्टँडची भीती वाटते. उतरलो की सगळा बाकडा बघणार. मागच्या वेळी येडशीपर्यंत आलो आणि तिथनंच परत फिरलो."

परतीच्या गाडीत नानासाहेब येडशीचा घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. दुसरा कुणी चालवत असताना गिअर कधी टाकायचा, हे त्याला न सांगता त्यांनी केलेला हा पहिलाच प्रवास.

दुसऱ्या दिवशी बंडप्पानं कप पुढं केला. "बोला, नाना. बिबट्याचा पास निघाला का?"

"बिबट्या ऱ्हाऊ दे. त्याच्याहून मोठी थाप आणलीय. भूमला एक बैलांचा दलाल हाय..."

त्यांनी गाव बदललं, धंदा बदलला, दलालाला हातभर मिशा दिल्या. त्याच्या घरी पोरगी जन्मली, पण ती आतून पोरगाच होती. दलालानं मांत्रिक केले, काढे केले, एका वैद्यानं पोराला तराजूत घालून आतला पोरगा किती भरतो तेही पाहिलं. शेवटी धाराशिवच्या एका बाईनं इंजेक्शन न देता नुसतं विचारून विचारून खरं काय ते काढलं. सगळं बदललं, पोराचं नाव मात्र रणधीरच राहिलं. बदलायचं विसरले की मुद्दाम ठेवलं, कोण जाणे.

मंडळी हसली आणि मग बाकड्यावर पुढं सरकली.

"मग त्याचं लगीन कुणाशी?"

"आवाज बाप्याचा हुतो व्हय?"

"मिशा फुटतात का, नाना?"

नानासाहेब अडकले. बिबट्याचं काहीही ठोकून देता येत होतं. हे येत नव्हतं. ते हॉटेलच्या मागं गेले आणि श्रावस्ती मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मिशा फुटतात का, विचारतेत."

"कोण विचारतंय?"

"लोक. गोष्टीत अडकलंय."

"रणधीरचं काय चाललंय, हे मी तुम्हालाही सांगणार नाही. ते तुम्ही त्यालाच विचारा. पण मिशांचं सांगते. त्याला हार्मोनचे डॉक्टर वेगळे असतात, त्यांच्या सल्ल्यानं औषध घेतलं तर फुटतात. प्रत्येकाला ते हवं असतंच असं नाही. न घेताही माणूस तोच असतो."

ते त्यांनी बाकड्यावर येऊन जसंच्या तसं सांगितलं. मग रोज नवा प्रश्न, रोज फोन. आधी मॅडमना, पुढं पुढं रणधीरलाच. थापेसाठी खरी माहिती गोळा करायची पाळी नानासाहेबांवर या वयात आली. ज्या पोराशी त्यांचं 'जेवलीस का' यापलीकडं बोलणं नव्हतं, ते आता फोनवर हसून म्हणे, "पप्पा, आज काय विचारलं त्यांनी?"

निवृत्त हेडमास्तर आण्णासाहेब हे बाकड्यावरचे तपासनीस. बिबट्याला अर्धं तिकीट कोणत्या नियमानं दिलं, हे त्यांनीच विचारलं होतं. एका सकाळी बशीतला चहा थंड होऊ देत ते म्हणाले,

"नाना, या थापेत भोक सापडंना."

"सापडंल की."

"न्हाय सापडत," आण्णासाहेब म्हणाले आणि दुसरीकडं बघत चहा प्यायले.

गोष्ट बाकड्यावरून नळावर गेली, नळावरून घरी आली. मथुराबाई भाकरी थापताना मान न वळवता म्हणाल्या, "तुमच्या त्या गोष्टीत आई सारखी रडतीच म्हणं."

"मग काय करंल?"

"तिला दुसरं काय सुचतच न्हाय व्हय?" त्यांनी भाकरी तव्यावर अशी टाकली, की नानासाहेबांनी पुढं विचारलं नाही.

जयंतीच्या सकाळी स्टँडवर निळे झेंडे लागले होते. नानासाहेब निघाले तेव्हा मथुराबाईंनी एक पिशवी हातात दिली. "त्याला द्या. तिथंच बदलून घरी या म्हणावं." आत पांढरं, घडीचं कापड होतं. नानासाहेबांनी उघडून पाहिलं नाही. पांढऱ्या ड्रेसचं फोनवरच सांगून झालं होतं. वाटेभर ते पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

धाराशिवची गाडी थांबली. रणधीर उतरला. टोपी कपाळावर ओढलेली, तोंडाला रुमाल. तो हॉटेलला वळसा घालून मागच्या बोळाकडं वळला. नानासाहेबांचा डावा हात हवेत गिअर शोधू लागला.

"ए रणधीर!" बंडप्पानं चहाची किटली तशीच धरून हाक मारली. "चहा न घेता कुठं चाललास?"

रणधीर जागच्या जागी थांबला. बाकड्यावर आण्णासाहेब सरकले आणि शेजारच्या जागेवर त्यांनी थाप मारली.

"बस. तुझ्या बापानं त्या भूमच्या पोराची गोष्ट अर्धीच ठेवलीय. ते घरी आलं का, एवढं सांग."

रणधीरनं बापाकडं पाहिलं. बापानं आभाळाकडं. रुमाल हळूच खाली आला.

"आलं," रणधीर म्हणाला. "उशीर झाला थोडा. खिडकीच्या जागेवर बिबट्या बसला होता, उठायलाच तयार नव्हता."

बाकड्यावर हसू फुटलं. मग आण्णासाहेब म्हणाले, "बापावर गेलाय," आणि आपली बशी त्याच्याकडं सरकवली.

हसू ओसरल्यावर नानासाहेबांनी नाइलाजानं पिशवी पुढं केली. "तुझ्या आईनं दिलंय. घालायचं न घालायचं, तू बघ."

रणधीरनं घडी उलगडली. पांढराशुभ्र शर्ट होता. नवा, हातानं बटणं घट्ट केलेला, कॉलरला कडक इस्त्री.

बंडप्पानं वाकून पाहिलं. "नाना, हे तुमच्या गोष्टीत नव्हतं."

"न्हाय," नानासाहेब म्हणाले. शर्टाच्या कॉलरवर नसलेली धूळ ते बराच वेळ झटकत राहिले. "मला तरी कुठं ठाव होतं."