झेंड्याखालचा हापसा

या, बसा. चहा व्हईस्तोर एक गंमत सांगतो. एक हापसा टेकडीवर कसा चढला, अन् सासू-सुनेनं त्याला खाली कसा उतरवला, त्याची. खोटं वाटलं तर चहा सोडून उठून जा.

साखरा गावाच्या अंगाला एक बंजारा तांडा हाय. तिथला प्रेमदास गोरेगावला जीप चालवतो. त्याची बायको निता. हिंगोलीत कॉम्प्युटर शिकलेली पोरगी, लग्न होऊन तांड्यावर आली, अन् ती आली तसा तांड्यातला हापसा बंद पडला. बायका नाल्यापल्याडच्या विहिरीवरून पाणी आणून राहिल्या. तवा निताच पुढं झाली. म्हणली, "गाऱ्हाणं नावाचं ॲप हाय. बिघडल्या चीजेचा फोटो टाकायचा. तालुक्याला कळते, माणूस येतो." तिनं घरोघरी ते फोनात टाकून देलं. बायकांनी हापशाचे अन् जे जे बिघडलं व्हतं त्याचे फोटो काढले. पण तांड्यात रेंज न्हाई. रेंज येते ती वर टेकडीवर, सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्यापाशी. मंग साऱ्याजणी टेकडी चढल्या अन् तिथून फोटो धाडून आल्या.

थोड्या दिवसानं जवाब आला. "जागेवर हातपंप आढळला नाही. तक्रार बंद."

निताची सासू रुख्मिणीबाई. तिची जबान सुरू झाली की गोठ्यातले बैल बी खाणं थांबवतात. "आढळला न्हाई? काहून, हापसा काय माहेराला गेला? सूनबाई, तुझ्या भरवशावर सारा तांडा टेकडी चढला. आता चाल विहिरीवर, अन् साऱ्यांच्या घागरी तूच भर."

निताला ते लागलं. पाणी तर पायजेच व्हतं, पण आता तिच्या शब्दाला तांड्यात कोणी इचारंना. घागर ठेवली अन् ती तडक टेकडीवर गेली. ॲपातला नकाशा उघडला. पाहते तं काय! हापसा झेंड्याखाली. वाकलेला लाईटचा खांब झेंड्याखाली. फुटलेली नाली, तीबी तिथंच. आख्खा तांडा टेकडीवर चढून बसलेला! फोटो जिथं काढला ती जागा ॲप धरतच नव्हतं. जिथून धाडला, ती धरून राहिलं व्हतं. तालुक्याची माणसं बिचारी टेकडीवर येत, झेंड्याला हात जोडत, अन् वापस जात.

बरं, ह्या ॲपचं एक चांगलं हाय. त्याच्या आतलं सारं लिखाण, कोड म्हणतात ते, उघडं असते. कुणीबी वाचावं, चूक दिसली तर नीट करून धाडावं, सांभाळणाऱ्यांना पटलं की ते आत घेतात. निता लॅपटॉप घेऊन बसली. भाकरी करपल्या, सासू करवादली, पण पोरगी हटली न्हाई. जागा आभाळातल्या उपग्रहावरून कळते, तिला रेंज लागत न्हाई. तवा फोटो काढतानाच जागा धरून ठेवायची, रेंज आली की तीच धाडायची. असं तिनं लिहिलं. अन् ते धाडायला परत टेकडी!

ॲप सांभाळणारी मधुवंती नावाची बाई पुण्यात असते. तिनं लिहिलं, "आमच्याकडे असं होत नाही. कसं घडतं ते दाखवाल का?"

"तिच्याकडं कसं व्हईन?" रुख्मिणीबाई म्हणली. "तिच्या दारातच रेंज असन. आण माझा फोन. मीच दाखवते तिला."

"याडी," निता आईला हाक मारावी तशी म्हणली, "टेकडी चढायची हाय."

"मंग? मी काय म्हातारी झाली?"

निता प्रेमदासचा फोन घेऊन मागं मागं, चित्रण करत. म्हातारी पुढं. हापशाचा फोटो काढला, दांडा हलवून दाखवला. "पुण्याच्या बाई, हा पाहा हापसा. पाहून घेतला? चाला आता." सारी टेकडी ती बोलत बोलत चढली. "गुडघे माझे, रेंज तुमची." झेंड्यापाशी फोन वाजला, तक्रार गेली, नकाशावर खूण बसली ती तिथंच, तिच्या पायाखाली. म्हातारीनं फोन कॅमेऱ्यासमोर धरला. "इथं हाय म्हणे हापसा. या, हापसा बरं!"

ते चित्रण पुण्याला गेलं अन् मधुवंतीचा जवाब आला. "कळलं. आजींना नमस्कार." जुन्या फोनात काही अडत व्हतं तेवढं निताकडून नीट करून घेतलं, अन् तिचं काम आत घेतलं. ॲप बनवणाऱ्यांत निताचं नाव लागलं.

"अन् माझं?" रुख्मिणीबाई कमरेवर हात ठेवून. "चाललं कोण?"

निता हसत परत टेकडी चढली. आता ॲपात तपासणाऱ्यांच्या यादीत रुख्मिणीबाईचं नाव हाय, गावाच्या नावासकट.

नवीन ॲपातून पहिलं गाऱ्हाणं हापशाचंच गेलं. अन् तालुक्याची गाडी टेकडीकडं वळलीच न्हाई, धुरळा उडवत सरळ हापशापाशी उभी राह्यली. पाईप वर काढले, सामान बदललं. रुख्मिणीबाईनं कोणाला दांड्याला हात लावू देला न्हाई. स्वतः हापसलं. पहिले खरखर, मंग गढूळ, मंग असं धो धो पाणी! पोरं नाचली, बायका ओरडल्या. म्हातारीनं पहिली घागर भरली अन् सुनेच्या डोक्यावर रिकामी केली.

"आता सांग तांड्याला," ती म्हणली, "अजून काय काय बिघडलं हाय ते. माझी सून हाय!"

घ्या, चहा आला. तुमच्या गावातबी रेंज टेकाडावरच येते ना? मंग एवढं करा. घरी गेल्यावर बिघडल्या चीजेचा फोटो तिथंच उभं राहून काढा, वर जाऊन धाडा, अन् नकाशावरची खूण जरा जरी हलली तर निताला कळवा.